भुंडीला लावलेली सवय

२ मार्च, रविवार
सकाळी दोन फेऱ्या. पहिलीत पाचगणीच्या शाळंतल्या चार मास्तरणी, दुसरीत साताऱ्याचं एक कुटुंब. सहाच्या वर माणूस मी बोटीत घेत न्हाई, संभा कितीबी कुरकुरला तरी. पाणकावळं, खंड्या, बगळं, सगळं दिसलं. मगर न्हाई. साताऱ्याचा बाप्या उतरताना म्हणतो, "फोटोत तर लय मगरी हुत्या तुमच्या." म्हटलं, नदी हाय ही, सर्कस न्हाई. माझ्या जुन्या पलटणीत असता तर ह्या तोंडाळाला मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या.
संभाचं तोंड दिवसभर वाकडं. धाकटा भाऊ, पण बोटीत निम्मा वाटा, मग बोलायला मोकळा. "दादा, लोक बगळं बघाय येत न्हाईत."
घरी त्याच्या बायकूचा, शालनचा दंगा. धोपाटणं घावंना. कपडं बडवायचं लाकूड ते, त्यासाठी सारं घर पालथं घातलं. मेढ्यातनं, माहेरनं आणलेलं हाय म्हणती. नवं आण म्हटलं तर माझ्यावरच डोळं वटारलं.

९ मार्च, रविवार
भुंडी दिसली. डोहातली मोठी मादी, शेपटाचा शेंडा तुटलेला, म्हणून भुंडी. पुण्याची पोरं हुती बोटीत, आधी किंचाळली, मग टाळ्या वाजवाय लागली.
मला काय पटलं न्हाई. मगर बोटीला टाळती. इंजिन वाजलं की काठावरनं पाण्यात सरकती. ही सरळ बोटीकडं आली, हातभर अंतरावर येऊन थांबली. वाट बघत हुती कशाची तरी. संभा माझ्याकडं बघायचं टाळत हुता.

१२ मार्च, बुधवार
घावला भाड्या.
संध्याकाळी घाटाकडं गेलो तर हा एकटाच बोट घेऊन डोहावर. बादलीत कोंबडीची आतडी, हातात शालनचं हरवलेलं धोपाटणं. बोटीच्या फळीवर बडवतोय. थाप, थाप, थाप. भुंडी आली, जबडा उघडला, ह्यानं आतडी टाकली. कुत्र्याला भाकरी टाकल्यागत.
काठाला लागला तशी कानाखाली ठेवून दिली. त्यानं वल्हं उगारलं. दोघंबी चिखलात लोळलो. माझी भुवई फुटली, त्याचा ओठ. ह्या वयाला शोभत न्हाई, पण हात थांबंना.
"शिकवायला किती दिस गेलं माझं! तुझ्या बगळ्यांवर धंदा चालणार हाय व्हय?"
"उद्या ह्या आवाजाला माणसावर आली म्हंजे?"
"माणूस कशाला मरायला बोट बडवील डोहात?"
आईची शपथ घातली तवा बंद करतो म्हणला.

२३ मार्च, रविवार
बंद केलेलं न्हाई. मी इंजिनाचा पार्ट आणाय माधवनगरला गेलो, तेवढ्यात फेरी मारून आला. उतरलेल्या गिऱ्हाइकानंच मला मोबाइलवर दाखवलं. संभा फळी बडवतोय, भुंडी येतीय, बाया हसत्यात. "लय भारी माणूस हाय तुमचा भाऊ," म्हणला.
लय भारी.
जत्रा झाली की वाटा मोडायचा. संभाला सांगून टाकलं. खुशाल मोड म्हणला.

३ एप्रिल, गुरुवार
अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.
आज जत्रेचं धुणं. पावणंरावळं राहायला येत्यात म्हणून जत्रेआधी गावातल्या सगळ्या गोधड्या नदीवर निघत्यात. माझी बायकू कमल आणि शालन शेजारी शेजारी. शालन गुडघाभर पाण्यात, दगडावर गोधडी, हातात नवं धोपाटणं. सगळा घाट बडवत हुता. थाप, थाप, थाप.
भुंडी गोधडीखालनं आली. कमल म्हणती, आधी पाणी हललं, मग शालन दिसलीच न्हाई. उजवा हात कोपरापर्यंत जबड्यात. भुंडीनं गिरकी घेतली, शालनबी तिच्याबरोबर फिरली. कमल पळाली न्हाई. धोपाटण्यानं भुंडीच्या डोळ्यावर हाणत ऱ्हायली, डोळा फुटंस्तवर. बाकीच्या बायांनी शालनचं पाय धरून वढली. सुटली.
मी पोचलो तवा पाणी लाल, गोधड्या वाहत चाललेल्या. हात चामडीला लोंबत हुता. पदर फाडून दंड आवळला आणि तिला जीपमधनं सांगलीला आणली. वाटंत शुद्धीवर हुती. "भावजी, माझा हात हाय का?" हाय म्हटलं.
संभा दवाखान्याच्या भिंतीवर डोकं आपटून घेत हुता. मी अडवलं न्हाई.

४ एप्रिल, शुक्रवार
कोपराच्या वरनं हात काढला.
दुपारी गावात फॉरेस्टचा गार्ड आला. पिंजरा लावतो, पकडून नेतो, मारू नका. एवढंच बोलला बिचारा. पहिला फटका संभानं मारला. मग सगळी तुटून पडली. काठ्या, चपला, आमच्याच बोटीचं वल्हं. मी गार्डवर पालथा पडलो म्हणून जगला. त्याचा हात मोडला, दात पडलं. मला पाठ टेकवत न्हाई.
संभा वरडत हुता, "माझ्या बायकूचा हात गेलाय!"
गेलाय की. कुणी घालवला ते पण सांग. अगदी तोंडावर आलं हुतं. बोललो असतो तर त्याच काठ्या त्याच्यावर पडल्या असत्या, तिथंच संपला असता. गिळलं.

७ एप्रिल, सोमवार
गावाचं ठरलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी डोहात जिलेटिन टाकायचं. कांड्या विहीर फोडणाऱ्याकडनं आणल्यात. सगळ्यात पुढं संभा.
त्याला गोठ्यात गाठला. "तू सांग गावाला. न्हाईतर मी सांगतो."
त्यानं कुडातला विळा उपसला. "बोललास तर तुलाच डोहात घालीन, दादा."
दादा म्हणला. विळा माझ्या पोटाला लावून दादा म्हणला. लहानपणी ह्याच नदीत ह्याला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलाय मी.

९ एप्रिल, बुधवार
दवाखान्यात. कमल चहा आणाय भाईर गेलेली. शालन पंख्याकडं बघत पडलेली.
"भावजी, लगीन झाल्यापासनं त्याच दगडावर धुणं धुतीया. भुंडी पलीकडं ऊन खात पडायची, मी अलीकडं बडवायची. कवा वळून बघितलं न्हाई तिनं. आत्ताच कशी आली?"
सांगितलं. आतडी, फळी, थाप, सगळं. रडंल वाटलं, रडली न्हाई.
"माझ्याच धोपाटण्यानं?"
"व्हय."
"कुठाय ते?"
"बोटीत. पुढच्या फळीखाली."
"ऱ्हाऊ द्या तिथंच." मग भिंतीकडं तोंड केलं. मोकळं वाटंल म्हणून सांगितलं हुतं, तसं काय वाटलं न्हाई.

१४ एप्रिल, सोमवार
जत्रा. शालनला घरी आणलं. तिचा भाऊ आलाय मेढ्याचा, तालमीतला गडी. संभा तिला घास भरवाय बसला, तिनं डाव्या हातानं ताट उडवलं. मटणाचा रस्सा ह्याच्या तोंडावर. भाऊ इचारतोय, काय झालं, काय झालं. भाईर ढोल वाजत हुता.

१५ एप्रिल, मंगळवार
फॉरेस्टला फोन लावला, निघालोय म्हणालं. तोवर सकाळी सगळं गाव घाटावर. कांड्यांची पिशवी संभाच्या खांद्याला.
शालन चालत आली. कमलच्या आधारानं, तोंड पांढरंफटक. "भावजी, मला बोटीत घ्या." लोक न्हाई न्हाई म्हणत हुतं. मी घेतलं. संभाला तवाच कळलं असणार, तो वरडला, "दादा, तिला उतरीव!"
डोहावर गेलो. मी इंजिन बंद केलं. शालननं फळीखालचं धोपाटणं काढलं, डाव्या हातात धरलं. थाप. थाप. थाप. नीट बसत नव्हती थाप. तरी भुंडी आली. एका डोळ्याच्या जागी लाल खड्डा. बोटीपाशी जबडा उघडून थांबली, कवा टाकत्यात म्हणून.
शालन काठाकडं वळली. एवढा आवाज कुठनं आणला काय ठाऊक.
"बघा! बोलावली की आली! हिला असं यायला कुणी शिकवलं, ते माझ्या नवऱ्याला इचारा!"
मग मेढ्याच्या गड्यानं संभाचं नरडं धरलं. संभानं पिशवी टाकली, कमरंचा विळा काढून त्याच्या दंडावर वार केला आणि उसात पळाला. कालपर्यंत ज्यांच्या पुढं नाचत हुता, तीच माणसं काठ्या घेऊन त्याच्या मागं लागली. फॉरेस्टवाले आले तवा घाटावर नुसत्या चपला पडल्या हुत्या. कांड्या मी त्यांच्या ताब्यात दिल्या.
आता दिवेलागण झालीया. संभा अजून घावलेला न्हाई. तोडायचा ऱ्हायलेला ऊस चहूकडनं वेढलाय. फड पेटवा, आपोआप भाईर येतोय, असं कुणीतरी वरडलेलं हितवर ऐकू आलं. वारं पण सुटलंय.
शालन उंबऱ्यात बसलीया. धोपाटणं मांडीवर. मी बूट घालाय लागलो तशी बोलली. सकाळपासनं पहिल्यांदा.
"भावजी, तुमीच आदी गाठा त्यास्नी. दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू देऊ नगा. माझ्याकडं आणा."
"आणून काय करणार हायस?"
तिनं डाव्या हातानं धोपाटणं जरा जवळ वढलं, एवढंच.
कमलनं बॅटरी आणून दिलीया. निघतो.