पिशवीवरचं नाव

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज इस्पितळात बायकोला दुसऱ्याच बाईच्या औषधाची पिशवी लावत होते!

सावळीची केमोची तिसरी खेप. ती वर पलंगावर, मी खाली फाइलीवर शिक्का घ्यायला. परत येतो तर पिशवी टांगलेली, हर्षाली सिस्टर नळी हाताला जोडायच्या बेतात. मी सवयीनं पिशवीवरची चिठ्ठी वाचली. मोटारींच्या पाट्या वाचून इंग्रजी शिकलेला माणूस मी — न वाचता कशाला हात लावत नाही. नाव होतं सावळी जैतू. आमची सावळी भगीरथ; ही मुरबाडची बाई, कोपऱ्यातल्या पलंगावरची. तिचा आजार वेगळा, औषध वेगळं, ताकद वेगळी. मी ओरडलो ते म्हणे खालच्या मजल्यावर ऐकू गेलं.

थेंबही आत गेला नव्हता. गेला असता तर — नाही लिहवत.

१९ नोव्हेंबर

तक्रार लिहिली. दोन पानं. एकही खाडाखोड नाही.

२१ नोव्हेंबर

तक्रार देऊन आलो. मोठ्या सिस्टरनी सगळी वाचली. चूक आमचीच, म्हणाल्या. दोन सिस्टरनी मिळून ताडून बघायचं, पेशंटनं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असा नियम आहे आणि तो मोडला. मी ताठ बसून ऐकत होतो. मग हळूच म्हणाल्या, "काका, हर्षालीनं आधी नाव विचारलं होतं. मावशी गप्पच. मग तिनं पिशवीवरचं नाव वाचलं, तर मावशींनी मान हलवली."

जैतूच्या नावाला मान!

घरी शेणव्याला येऊन विचारलं. सावळी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचं नाव मी कसं घेऊ? आनि तिथं सगळं तुमीच बोलता. मी मान हलवते."

खरंच, दर खेपेला तिला विचारलेलं मीच सांगितलंय. दुखतंय कुठं, हेसुद्धा.

२८ नोव्हेंबर

सूनबाई, माधुरी, सासूची पूर्ण नाव सांगायची तालीम घेते. "सावळी" म्हणून होतं, पुढं गाडी हलत नाही. माधुरीनं उखाण्यात घ्या म्हटलं, तर सावळी म्हणे, सुई घेऊन उभ्या बाईपुढं उखाणा काय घेऊ गो? मी म्हटलं, अगं, सोपं आहे, भ-गी-रथ. मला म्हणाली, "तुमी समोर बसलाव म्हणून जमत नाय. उठा बघू."

उठलो.

९ डिसेंबर

आज मला बाहेरच्या बाकावर बसवलं. सावळीनंच.

थोड्या वेळानं पडद्याआडून कोणीतरी खणखणीत म्हणालं, "भगीरथ." आवाज ओळखीचा वाटला नाही. हाक आली समजून मी "आलो, आलो" करत पडदा सारला.

दोन सिस्टर, पिशवी, आणि सावळी आडनाव सांगत होती. थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली,

"तुमाला कोनी बोलवला?"