घराच्या मधून जाणारी हद्द

लिहून ठेवणार मी, श्रीमती नलिनी मनोहर पाध्ये, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका. डोके ठिकाणावर आहे. कोणाची बळजबरी नाही. करू पाहणाऱ्याचे नाव खाली येईलच.

१. आमच्या घराच्या मधून शहराची हद्द जाते. पुढची खोली कोलकात्यात. स्वयंपाकघर आणि मागची खोली शेजारच्या नगरपालिकेत. त्या नगरपालिकेचा हा एवढासा तुकडा चहूबाजूंनी कोलकात्याने वेढलेला आहे. असा का, देव जाणे. मतदारयादीवाल्याने विचारले होते, "माशीमा," म्हणजे मावशी, "कोण कुठे झोपतं?" यजमान घोरत, म्हणून मागे झोपत. ते नगरपालिकेचे मतदार झाले, मी कोलकात्याची. जन्मभर एका ताटात जेवलो आणि मत मात्र वेगवेगळ्या गावांत दिले.

२. चिरंजीव कुणाल याला हद्दीवर भिंत हवी आहे. "आई, कागदावर दोन घरं आहेतच. पुढचं मला, मागचं ताईला." वा रे शहाण्या! नळ पुढे, चूल मागे. अपर्णाने पाणी काय शेजाऱ्यांकडून मागायचे? वडील गेल्यापासून माझे दुखणेखुपणे तिने काढले. तू हावड्याला उतरलास की परतीचे तिकीट दाखवतोस. मला याचा संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

सबब संपूर्ण घर, हद्दीच्या दोन्ही बाजूंसह, कन्या अपर्णा हिला देत आहे. त्या रेषेवर भिंत नको, जाळी नको, पडदासुद्धा नको.

३. बँकेतील ठेव दोघांना निम्मी निम्मी. मी सूड उगवत नाही.

४. जाऊबाई मंगला म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे हळदीकुंकवाला यायचं म्हणजे कोलकात्याबाहेर जाणं." पुरणयंत्र न्यायला मात्र पत्ता बरोबर सापडला. ते आता त्यांचेच समजावे.

५. कुणालला कोर्टात जायचे तर खुशाल जावे. मी हटणार नाही; मेल्यावर तर नाहीच. मात्र तो भांडायला आला तरी अपर्णाने त्याला उपाशी परत पाठवू नये. वरणभात त्याला वाफाळताच लागतो. ही अट तिच्यावर बंधनकारक आहे.

मजकूर बंगालीत समजावून सांगितल्यावर साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
जयंत घोष, पुढच्या बाजूचे शेजारी
निर्मला चक्रवर्ती, मागच्या बाजूच्या शेजारी

दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
ठिकाण: वकील म्हणतात, एकच गाव लिहा. लिहिते, माझे घर.

सही: नलिनी मनोहर पाध्ये