भावोजींच्या केबलच्या पोटात

तीर्थस्वरूप भावोजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (जमिनीला टेकायची मनाई तुमच्या स्पीकरच्या केबलला आहे, मला नाही.) परगावच्या कामात तब्येतीची हेळसांड होत नाही ना? इकडे सगळं ठीक. ताई बरी आहे, तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात रुळलं आहे, आणि लग्नाच्या पोशाखाला तळणाचा वास येतो म्हणून काल आणखी एक गिऱ्हाईक तोंड फिरवून गेलं. पण तिची खोली तुमच्या स्पीकरांना लाभली, हे समाधान काय कमी आहे?

तुमच्या आज्ञेप्रमाणे त्या मनगटाएवढ्या जाड केबली मी रोज तासभर गाणी ऐकवून मुरवत होतो. (ताईला कान नाही म्हणून हे काम माझ्याकडे आलं, ते मी विसरलेलो नाही.) केबलीवर छापलेल्या बाणाचं तोंड स्पीकरकडे, खाली लाकडी ठोकळे, सगळं यथासांग. मंगळवारी एक ठोकळा सरकला, डाव्या स्पीकरची केबल दाणकन आपटली, तिचं सोनेरी टोक निखळलं आणि आतून वाळू गळू लागली. मला वाटलं संगीतच सांडतंय, म्हणून मी ओंजळ धरली.

मग ताईने कात्री आणली. जाळीदार कापडाच्या आत बागेला पाणी घालायची नळी, नळीत वाळू, आणि वाळूत एक मरतुकडी तांब्याची वायर, जिच्यावर 'दारावरच्या घंटीसाठी' असं स्वच्छ छापलेलं. बडा घर पोकळ वासा म्हणावं, तर वासा पोकळही नाही. तेवढ्यात तुमच्या श्रवणमंडळाचे दंतवैद्य दारात हजर. (त्यांचा कान म्हणजे कान, असं तुम्हीच म्हणता.) ताईने टेबलावरच्या दिव्याची वायर कापून स्पीकरला जोडली आणि वर ते जाळीदार कापड पांघरलं. दंतवैद्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "डावी बाजू छान मुरली आहे. उजवीला अजून वेळ द्यावा लागेल." ताईला एकदम खोकला आला आणि ती आत गेली.

असो. जेवणाची वेळ सांभाळा, काळजी घ्या.

आपला,
कान नसलेल्या घराण्यातला मेहुणा

ता. क. तुम्ही परतलात की केबलींवर तुमचं व्याख्यान ठेवायचं मंडळाने ठरवलं आहे. मी तोंडाला कुलूप लावायला तयार आहे. बदल्यात तेवढी खोली ताईला परत द्या. तिचं काम हातचं जातंय भावोजी, आणि मला ते बघवत नाही.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर ताईने वाचला. विनंत्या कसल्या करतोस, म्हणाली. मशीन तिने दुपारीच परत खोलीत नेलं, स्पीकर ओट्याखाली गेले, आणि पहिली मापं द्यायला दंतवैद्यांच्या पत्नी येऊन गेल्या. मापं घेता घेता ताईने त्यांना सगळं सांगून टाकलं आहे. तेव्हा माझ्या कुलपाचं मनावर घेऊ नका.