वैमानिकाचं उत्तर

सर, तुम्हांला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या दुपारचं मला अजून नीट उमगलेलं नाही. मी नागपूरहून चेन्नईत नवी आलेली, टॉवरमध्ये शिकाऊ, आणि तुम्ही शेजारी हेडफोन लावून माझा शब्द न् शब्द ऐकत बसलेले. त्या वर्षांत विमानं भराभर वाढत होती, एकाच फ्रीक्वेन्सीवर सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलायचे. एक विमान धावपट्टीच्या तोंडाशी थांबलं होतं, दुसरं उतरायला येत होतं. थांबलेल्याला मी सांगितलं, येणारं विमान उतरलं की मग धावपट्टीवर या. वैमानिकानं माझं वाक्य नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवलं, ते उतरल्यावर येतो. हे मी ऐकलं. त्याच्या जड आवाजासकट आजही ऐकू येतं. मी पुढच्या विमानाकडे वळते, तेवढ्यात तुम्ही माझ्या हातातला माइक घेता आणि उतरणाऱ्याला सांगता, उतरू नका, वर जा. धावपट्टीवर ते पहिलं विमान येऊन उभं आहे. दुसरं त्याच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा टॉवरच्या काचा थरथरल्या.

चौकशीत टेप लावली. माझं वाक्य पूर्ण होतं. वैमानिक म्हणाला, त्याच क्षणी दुसरं कुणी बोललं, त्यामुळे सुरुवात त्याला ऐकूच आली नाही. आणि त्याचं उत्तर टेपवर एवढंच होतं: धावपट्टीवर येतोय. मग तुम्हांला विचारलं. टेप सगळ्यांनी ऐकलेली असताना तुम्ही शांतपणे म्हणालात, "मलाही पूर्ण उत्तर ऐकू आलं होतं." मला पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसवलं. तुमच्याकडून शिकवणं काढून घेतलं.

त्या आठवड्यात मी तुमच्या मैलापूरच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात चिंच कोळत होता.

"सर, तुम्हांला खरंच तसं ऐकू आलं होतं?"

"हो म्हणालो की मी."

"पण टेपवर तर..."

"परवा इल्ले, असू दे, पोरी. बस, रसम घे."

तुमच्या तंजावरी मराठीचे हेल मला कधीच पुरते कळले नाहीत. ऐकू आलं म्हणून हो, की चौकशीत हो म्हणालो, एवढंच? ऐकू आलं असेल, तर कुणी न बोललेलं वाक्य आपण दोघांनी कसं ऐकलं? आलं नसेल, तर तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि त्याची किंमतही मोजलीत, आणि मी पाटावर बसून नुसतं रसम प्यायले.

आता मी शिकवते. उत्तर अर्धवट वाटलं तर पुन्हा विचारा, लाजू नका, असं मुलांना बजावते. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. त्यानंतरही तुम्ही बरीच वर्षं होता, मी रविवारी यायचे, गप्पा व्हायच्या. एका वाक्यात विचारून झालं असतं. पण दोहोंपैकी कुठलं उत्तर मला सोसलं असतं, ते तेव्हा ठरवता आलं नाही, आणि आजही येत नाही.