पौडच्या दुकानातला कॉम्प्युटर

तात्या, तुमच्या त्या कॉम्प्युटरनं दोन दिवस माझा जीव खाल्ला. तुम्ही गेलात, पौडचं पत्रिका छापायचं दुकान बंद झालं आणि तेव्हापासून अकरा वर्षं तो माले गावातल्या घरात माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडला होता. शनिवारी खाली काढला, पुसला, वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा घरघरतोय, हिरवा दिवा लागतोय आणि स्क्रीन मात्र काळीठिक्कर. सॉफ्टवेअर कंपनीत वीस माणसं हाताखाली असलेली तुमची मुलगी जमिनीवर फतकल मारून एका डब्याला शिव्या घालत होती.

पुढच्या रविवारी आईला मी पुण्यात बावधनला माझ्या घरी नेते आहे, कायमची. कशीबशी तयार झाली, पण अट घालूनच. "तुज्या लग्नाची त्येंनी केल्याली पत्रिका मला एकदा दाव. ती बगितल्याबिगर मी हितनं हालायची न्हाई." ती पत्रिका कधी छापलीच नाही, त्यामुळे आहे ती फक्त या डब्यात. डिस्क काढून लॅपटॉपला लावावी, तर तुमचं पत्रिकेचं जुनं सॉफ्टवेअर आणि मराठी फॉन्ट तिथे चालणार नाहीत, अक्षरांची नुसती खिचडी होणार. म्हणजे हाच कॉम्प्युटर चालू व्हायला हवा, दुसरा इलाज नाही.

मॉनिटर लॅपटॉपला लावून पाहिला, ठणठणीत. वायर बदलली, आतला सेल बदलायचा म्हणून रविवारी सकाळी झाकण उघडलं, तर रॅमची खाचच रिकामी! तुम्ही खोडरबरानं घासत बसायचात ती बोटभर रुंदीची हिरवी पट्टी. ती नसेल तर स्क्रीनवर काही उमटतच नाही. माझं डोकंच फिरलं. दरवर्षी कौलं चाळायला काका माळ्यावर चढतात, म्हणून सरळ त्यांनाच फोन लावला आणि विचारलं, कुणाला विकलीत?

"पोरी, मला त्यातलं काय कळतंय? तुज्या बापाच्या सामानाला मी कदी हात लावला न्हाई," काका म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मग पुण्याच्या चांदणी चौकापर्यंत जाऊन दुकानं पालथी घातली. जी रॅम मिळाली ती नंतरच्या पिढीची, खाचेत बसेना. घरी येऊन ती ओट्यावर आदळली. आईनं उचलून उलटीपालटी केली. "आगं, आसली तर तांदळात हाय की."

तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून तिनं एक पुडी बाहेर काढली. प्लास्टिक, त्यात फडकं, फडक्यात रॅम. "लग्नसराई सरून पाऊस लागला की काडून ठेवायचे. दमटपणानं खराब व्हती म्हनायचे. दसऱ्याला पुजा करून परत बसवायचे." तुम्ही श्रावणात गेलात, तात्या. त्या वर्षी दसऱ्याला दुकान उघडलंच नाही. तेव्हापासून आई दरवर्षी नवा इंद्रायणी तांदूळ भरताना ती पुडी पुन्हा आत खुपसते आहे.

"मग आधी सांगायचं नाही?" मी ओरडलेच.

"तू इचारलंस कुटं? आल्यापास्नं नुसती तणतण करतीयास."

रॅम खोडरबरानं घासली, बसवली, आणि स्क्रीन उजळली. घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसलं होतं. माझ्या नावाचं फोल्डर उघडलं. मला वाटलं होतं एक पत्रिका असेल. बारा निघाल्या.

पहिली मला आठवत होतीच. हा मोठा गणपती, यच्चयावत भाऊबंदांची नावं, माझ्या नावापुढे माझी डिग्री. दुकानात तुम्ही ती मला दाखवलीत आणि मी म्हटलं, "तात्या, ही मी ऑफिसात कुणाला देऊ? आणि आता छापायला वेळ तरी कुठे आहे? मी पुण्यात बघते." तुम्ही "बरं" म्हणालात, इतकंच. पुढच्या अकरा त्यानंतरच्या आहेत. एकीत गणपती लहान, एकीत नाहीच. एकीत भाऊबंद गाळलेत, काकासुद्धा. एक अख्खी इंग्रजीत. शेवटची लग्नाच्या चार दिवस आधीची. तोवर ती कोण छापणार होतं, तात्या? मला तुमचा राग आला आणि मग रडूच फुटलं.

आईला पहिलीच दाखवली. स्क्रीनला नाक लावून तिनं सगळी नावं वाचली. "झ्याक हाय की. मग छापली का न्हाई?" मी म्हटलं, वेळ नव्हता. ती पातेलं घासायला गेली.

हे तुमच्याच कीबोर्डवर, तुमच्याच फॉन्टात लिहिते आहे. सेव्ह न करता बंद करणार आहे. काका अंगणात बसलेत, त्यांची माफी मागायला अजून पाय उचललेला नाही. पण तुम्हाला एक सांगते. वेळ होता. त्या दिवशी मी दुकानात आले तेव्हाच पुण्याच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. सगळा गठ्ठा माझ्या बॅगेत होता. स्टँडपर्यंत ती बॅग तुम्हीच उचललीत, आणि म्हणालात, जड आहे गं.