दुपारी तीनला जाणारं नेट

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या अकोल्याच्या घरात एकच तार होती, टेलिफोनची, आणि ती तुम्ही स्वतः ओढलेली. आता त्याच खिडकीतून इंटरनेटची बारीक तार आत येते आणि खाली बैठकीत एका पांढऱ्या डब्याला, राऊटरला, जोडलेली असते. तुम्ही तो दोन मिनिटांत खोलून बसला असतात. दादा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, खाली वहिनी आणि वर मी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी वरच्या खोलीतून मुलांना ऑनलाईन गणित शिकवते. आमचं भांडण होत नाही. पण माहेरी परतलेली नणंद म्हणजे भावजयीच्या घरातली पाहुणी, हे मला कुणी सांगावं लागत नाही. वहिनी एक दिवस तसं बोलून दाखवील या भीतीनं मी तिच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून असते.

उन्हाळा लागला आणि नेट जायला लागलं. रोज दुपारी तीनच्या सुमाराला, तास ऐन रंगात असताना. वर पंखा फिरतोय, म्हणजे लाईट आहे, नेट तेवढं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप परत येतं. मी राऊटर बंद करून चालू केला, तार काढून पुन्हा खोचली, डब्याची जागाही हलवून पाहिली. मग राऊटरला कुणाकुणाचे फोन जोडलेत त्याची यादी उघडली, तर तीत एक अनोळखी फोन. वहिनीनं शेजारणीला पासवर्ड दिला, असं मी ठरवूनच टाकलं आणि सोमवारी कुणाला न सांगता पासवर्ड बदलला. वहिनी त्यावर एक शब्द बोलली नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणून गप्प आहे, असं मी समजले. नेट तरी जातच राहिलं. शेवटी कंपनीचा माणूस आला, तोही सकाळी, सगळं नीट चालू असताना. त्यानं राऊटरमधली नोंद बघितली आणि म्हणाला, "ताई, लाईन नाई जात. डब्याचा लाईटच कोणीतरी बंद करून राह्यलं." खाली दुसरं कोण असतं?

तेव्हा मला तुम्ही आठवायला हवे होतात. टेलिफोन खात्यातली तुमची बदली तेव्हा बडनेऱ्याला होती, मी चौथीत असेन. सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला एका किराणा दुकानदाराकडे नेलंत. शेजारी खांबावर माझ्या लायनीला तार जोडतो, म्हणून माझा फोन सारखा बंद पडतो, असं तो शपथेवर सांगत होता. तुम्ही खांबाकडे बघितलंही नाही. त्याचंच कपाट बाजूला सरकवायला लावलंत. मागे कपाटाखाली दबून सोललेली तार. परतताना मी विचारलं, खांबावर का नाही चढलात? तुम्ही म्हणालात, "पह्यले आपल्या घरातली तार पाहा लागते, पोरी. खांब काई पयून नाई जात." पण हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. त्या दिवशी मी मुलांना सुट्टी दिली, चपला वरच काढल्या आणि पावणेतीनला जिन्यात दबा धरून बसले.

वहिनी आली. तिनं रबरी चपला घातल्या, पदर खोचला आणि भिंतीतली पिन सरळ उपटली. सापडली, असं मी मनात म्हटलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. मग तिनं बादली उचलली. एकामागून एक चार बादल्या तिनं कूलरमध्ये ओतल्या, हात नॅपकिनला कोरडे केले, आणि मगच पिन परत लावली. मी खाली उतरून विचारलं, पिन काहून काढता? ती दचकलीसुद्धा नाही. "मामाजीनं सांगतलं होतं ना. गल्लीतली ते बाई कूलरले चिकटली तवापासून. पिन काढल्याबिगर पाणी टाकाचं नाई." उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर काढला तेव्हा एकाच पिनेवर चालणारा लांब बोर्ड मीच बाजारातून आणला होता, आणि कूलरच्या शेजारी राऊटरही त्यात मीच खोचला होता. तुमचा नियम तुमची मुलगी विसरली आणि सून इतकी वर्षं पाळते आहे.

मग तिनं खोचलेला पदर सोडत विचारलं, माझ्या फोनवर सोमवारपासून नेट काहून येत नाही, तेवढं बघता का. यादीतला अनोळखी फोन तिचाच होता, लेकीनं पाठवलेला नवा. तिच्या सिमवर नेटचा पॅक नसतो हे मला ठाऊक आहे. मंगळवारी तिची लेक नाशिकला बाळंत झाली, तेही ठाऊक होतं. मी वर बसून बाळाला व्हिडिओवर दोनदा पाहिलं होतं. तिनं पाहिलं का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. "शेजारच्या ओट्यावर बसून पाह्यली म्या नात," ती म्हणाली. "त्याइच्याच फोनवर. उन्हानं काई दिसलं नाई नीट."

मी फोन हातात घेतला, नवा पासवर्ड टाकला आणि म्हणाले, कंपनीनं बदललाय. तिला ते लगेच पटलं. बाबा, इतक्या लवकर कसं पटलं, याचाही मला संशय येतो. राऊटर आता वेगळ्या बटनावर आहे आणि तास बिनबोभाट चालतात. पासवर्ड मी बदलला होता हे फक्त तुम्हाला सांगतेय. हे पत्र कुठं धाडायचं नाही. फाडायचं म्हटलं, तर वहिनी केरातले तुकडे जुळवून बघेल असं वाटतं. हे लिहायला बसताना मी दाराला आतून कडी लावून घेतली आहे.