कामाचं नाव

आई, गेल्या सोमवारपासून मी लोणंदच्या एका कारखान्यात कामाला लागले आहे. तू गेलीस तेव्हा मी कुठेच नोकरीला नव्हते, त्यामुळे मी काय काम करते हे तुला ठाऊक नाही. नळाच्या आत वायसर असतो ना, तसलीच पण गाडीच्या इंजिनात बसणारी रबरी सील असतात. ती मी तपासते. खंडाळ्याच्या बाजूला दुसऱ्या एका कारखान्यात दहा वर्षं हेच केलं. डोळ्याला न दिसणारी चीर अंगठ्याच्या पोटाला कळते. पहिल्याच आठवड्यात मला ते जमलं तेव्हा बाकीच्या बायकांना नवल वाटलं होतं. मला वाटलं नाही, कारण मी तुला हळद निवडताना बघितलं होतं.

सांगलीचं ते गोदाम अजून डोळ्यांपुढे आहे. दहावीच्या सुट्टीत तू मला सोबत नेत होतीस. बारा-तेरा बायका पोत्यांच्या मधे बसायच्या, हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे, मोडकं तिसरीकडे. शेठ अडतीवर शेतकऱ्यांचा माल खरेदी करून द्यायचे; बाहेरगावचा खरेदीदार आला की माल पारखायला तुलाच हाक मारायचे. त्या दिवशीही मारली. तू उठतेस, पदराला हात पुसतेस, एका पोत्याच्या तळातून पाच हळकुंडं काढून एकेक मोडतेस. चार कट्ट वाजतात, पाचवं नुसतंच वाकतं. तू हळूच म्हणालीस की हा माल नीट शिजलेला नाही, वरवर चांगला दिसतोय एवढंच. शेठ खरेदीदाराकडे वळून म्हणाले, बघा, माझी नजर कधी चुकत नाही. मी तिथूनच म्हणाले, आईनं सांगितलं ते. खरेदीदार हसला, शेठही हसले. तू खाली मान घालून जागेवर जाऊन बसलीस. घरी आल्यावर चुलीपुढे बसून तू मला एवढंच म्हणालीस, “तू बोलून मोकळी झालीस. मला तिथं उद्या बी जायचं हाय.” मला तेव्हा तुझा राग आला होता. तू घाबरट आहेस असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

खंडाळ्याला मी ठेकेदाराकडून लागले होते. गेटवर दाखवायच्या पासावर त्याच्या फर्मचं नाव आणि खाली ‘हेल्पर’ एवढंच. तपासणीच्या टेबलावर मात्र मीच असायची. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून माल परत आला, सील गळतात म्हणून. साहेब लोक चार दिवस मशीनभोवती फिरत होते. मी परत आलेला माल हातात घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की सगळी खराब सील साच्याच्या एकाच खान्यातली आहेत, त्याची कड झिजली आहे. तसंच निघालं. पुढच्या महिन्यात कार्यक्रम झाला, शिफ्टच्या इंजिनिअरला त्यासाठी ढाल मिळाली. माणूस वाईट नव्हता, नंतर येऊन मला पेढा देऊन गेला. त्यानंतर डिप्लोमा झालेली एक मुलगी तपासणीची प्रमुख म्हणून आली आणि तिला तीन महिने शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. मी तिला मन लावून शिकवलं. मग ऑफिसात जाऊन विचारलं, की माझं नाव कधी त्या जागेसाठी घेणार. तिथले साहेब अगदी सौम्य आवाजात म्हणाले, की तुम्ही मुळात आमच्याकडे कामालाच नाही, ठेकेदाराकडे आहात.

लोणंदला जागा निघाल्याचं कळलं तेव्हा मी अर्ज केला. त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला. माझ्याकडे दहा वर्षांचा एकही कागद नव्हता. सुट्टीच्या दिवशी सातारला कामगार कार्यालयात जा, असं शेजारच्या टेबलावरच्या बाईनं सुचवलं, पण सुट्टी रविवारची आणि कार्यालयही रविवारी बंद. शेवटी रजा टाकून गेले. तिथे एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी आधी मला बसायला सांगितलं. नंतर विचारलं, काय काम करता ते लिहिलेलं कार्ड ठेकेदारानं दिलं आहे का, आणि मी गेटचा पास पुढे केला. त्या म्हणाल्या, “ही कुणाची मेहेरबानी नाही, ताई. तुम्ही काय काम करता हे लिहून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि सोडून जाताना दाखला देणंही. फक्त तोंडी मागू नका. लेखी मागा आणि पोच घ्या.” मी ते वहीत उतरवून घेतलं. एवढी साधी गोष्ट मला दहा वर्षं माहीत नव्हती, आणि ती विचारायला कुठे जायचं हेही.

ठेकेदार आपल्याच भागातला, बोलायला गोड. कार्डासाठीचा माझा लेखी अर्ज बघून तो म्हणाला, आपलं घरच्यासारखं असताना हे कशाला. तरी आठ दिवसांनी कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं, हेल्पर. मी ते टेबलावर परत ठेवलं.

“आवं ताई, कागदावर काय लिवलंय ते कोण बघतंय?” तो म्हणाला.

“मी बघतीय,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला तपासणीवरून काढून पॅकिंगला उभं केलं. सहा आठवडे मी खोकी चिकटवली. रोज सकाळी गेटवर पास दाखवताना वाटायचं, आज आत घेतील की नाही. तुझं ते चुलीपुढचं वाक्य मला तिथे, गेटच्या रांगेत कळलं. तू घाबरट नव्हतीस. उद्याचा दिवस कुणाच्या हातात आहे, हे तुला ठाऊक होतं. माझ्याकडे पोच होती, त्यामुळे मी सातारला कामगार कार्यालयात तक्रारीचा अर्ज दिला. तिथून ठेकेदाराला पत्र गेलं. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याचा मुकादम नवा कागद घेऊन आला. त्यावर माझं नाव, किती वर्षं काम केलं ते, आणि कामाच्या रकान्यात ‘तपासनीस, रबरी सील’. ढाल नाही, बढती नाही. मी कागद डब्याच्या पिशवीत ठेवला आणि उरलेली शिफ्ट खोकी चिकटवली.

लोणंदला त्यांनी तो वाचला, माझ्यापुढे एक ट्रे ठेवला आणि खराब सील वेगळी काढायला सांगितली. मी काढली. आता नेमणुकीचं पत्र माझ्या नावाचं आहे. कामात फारसा फरक नाही, अंगठा तोच आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते नेमणुकीच्या पत्राच्या फाईलमध्येच राहील. पण एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. तू गेलीस तेव्हा नोंद करायला मी गेले होते. कारकुनानं विचारलं, मयताचा व्यवसाय काय? तीस वर्षं तू हळद पारखलीस. मागे रांग होती, मला लवकर निघायचं होतं. मी म्हणाले, काही नाही, घरीच असायची.